बंद रुळांखालची जमीन

आमच्या शेंद्र्याजवळून जाणारी मनमाड-सिकंदराबाद लाईन पूर्वी मीटरगेज होती, असं इथल्या एमआयडीसीतल्या नव्या पोरांना सांगितलं तर त्यांना गंमत वाटते. नव्वदच्या दशकात ती ब्रॉडगेज झाली आणि गाड्या धावत राहिल्या. पण गाडी कायमचीच गेली, तर त्या लांबलचक पट्ट्याचं काय करायचं?

याचं एक उत्तर मला शिकागोच्या उपनगरांत सापडलं. व्हीटन, नेपरव्हिल या बाजूला आपली बरीच मंडळी राहतात, आमचा भाचाही त्यातलाच. तो रोज ज्या वाटेने फिरायला जातो, ती मुळात 'शिकागो, ऑरोरा अँड एल्जिन' ही विजेवरची रेल्वे. ३ जुलै १९५७ ला भर दुपारी कंपनीने प्रवासी गाड्या थांबवल्या. सकाळी त्याच गाडीने कामाला गेलेले लोक संध्याकाळी शहरातच अडकले! (मुंबईत असं झालं असतं तर काय गहजब झाला असता, कल्पना करा.) पुढे १९५९ मध्ये मालगाड्याही थांबल्या.

मे थीलगार्ड वॉट्स या निसर्गअभ्यासक बाई. इंग्लंडातल्या पायवाटा त्यांनी पाहिलेल्या. सप्टेंबर १९६३ मध्ये त्यांनी 'शिकागो ट्रिब्यून'ला एक पत्र लिहिलं: इथे पायवाट करा, आणि लवकर करा, नाहीतर जमीन हातची जाईल. त्या एका पत्रावरून माणसं जमली. संस्था झाली, १९६६ मध्ये काउंटीकडून पट्टा भाड्याने मिळाला आणि स्वयंसेवकांनी झाडोरा काढून वाट मोकळी केली. आज 'इलिनॉय प्रेअरी पाथ' साठ मैलांच्या आसपास आहे.

मला खरं महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. १९८३ साली अमेरिकेने कायद्यात सोय केली की बंद लाईनचा पट्टा अखंड ठेवायचा, तोवर लोकांनी वाट म्हणून वापरायचा, आणि उद्या गरज पडली तर पुन्हा रूळ टाकायचे. शेजारचे जमीनमालक चिडले, तेही साहजिकच. व्हरमाँटचा एक दावा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९९० मध्ये कोर्टाने कायदा उचलून धरला, पण भरपाई मागायची वाटही मोकळी ठेवली.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे येते ती आपली 'शकुंतला'. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, कापसासाठी घातलेली अडीच फुटी लाईन, जवळपास १९० किलोमीटर. गाड्या थांबल्यावर तिथल्या लोकांनी पायवाट मागितली नाही, गाडीच मागितली. बरोबरच आहे. स्वस्तात तालुक्याला नेणारी गाडी गेल्यावर तिच्या जागी फिरायला वाट देतो म्हटलं, तर कोण खूश होईल? पण ब्रॉडगेज होईपर्यंत पट्टा तुटू नये, ही काळजी वॉट्सबाईंची होती तशीच इथेही हवी. ज्या जागेवरून रोज शेतकरी, शाळेची पोरं, सायकली जातात, ती गिळायला कुणी सहजासहजी धजत नाही. बाभळी माजलेली जागा मात्र हळूहळू कुणाच्या तरी बांधात जाते.