चौलचे माग कोठें गेले?

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत पूर्वजांनीं उभारलेल्या मंदिरांचा इतिहास प्रथम यावा हें योग्यच आहे. परंतु मंदिर बांधावयास दगड-चुन्याबरोबर द्रव्यही लागतें, आणि तें द्रव्य कोणाच्या श्रमांतून आलें हें पाहिल्यावांचून मंदिराचा इतिहास पुरा होत नाहीं. रेवदंड्याच्या कोटांत आज जीं भग्न ख्रिस्तमंदिरें दिसतात, आणि फ्रान्सिस्कन मठाचा जो सातखणी म्हणून ओळखला जाणारा मनोरा माडांमधून डोकें काढून उभा आहे, त्यांच्या मागें एका भरभराटलेल्या बंदराची संपत्ति होती. आणि त्या संपत्तीचा एक मोठा आधार म्हणजे येथें विणलें जाणारें रेशमी कापड. विणकराचें नांव शिळेवर कोरण्याची चाल नसते. म्हणून त्याच्या धंद्याची हकीकत या प्रसंगीं वाचकांपुढें ठेवीत आहों.

कुंडलिकेची खाडी जेथें समुद्रास मिळते तेथें उत्तर तीरावर रेवदंडा आणि दक्षिण तीरावर कोरलईचा डोंगर आहे. रेवदंड्यास लागून उत्तरेस जुनें चौल. हें बंदर अति प्राचीन. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील भूगोलकार टॉलेमी यानें सिमुल्ला या नांवानें त्याचा उल्लेख केला आहे, आणि अरब प्रवासी अल् मसूदी हा इ. स. ९१५ च्या सुमारास येथें येऊन गेला. पोर्तुगीजांचीं जहाजें १५०५ सालीं येथें प्रथम आलीं. १५२१ मध्यें अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहानें त्यांस खाडीच्या मुखाशीं किल्ला बांधण्याची परवानगी दिली, आणि तेव्हांपासून एका चौलाचीं दोन चौलें झालीं. वरचें चौल निजामशहाचें. खालचें चौल, म्हणजे आजचा रेवदंडा, पोर्तुगीजांचें. समोरचा कोरलईचा डोंगर १५९४ मध्यें पोर्तुगीजांनीं जिंकून घेतला. राज्यें दोन होतीं, मधून मधून त्यांच्यांत युद्धेंही होत. परंतु बाजार बव्हंशीं एकच राहिला.

या बाजारांत काय तयार होई याची साक्ष परदेशी प्रवाशांनीं दिली आहे. डच प्रवासी लिन्शोटेन हा १५८३ पासून कांहीं वर्षें गोव्यांत होता. फ्रेंच प्रवासी पिरार हा १६०८ ते १६१० या काळांत तेथें होता. दोघांच्याही लेखनांत चौलच्या रेशमाची वाखाणणी आढळते. चीनहून आलेल्या कच्च्या रेशमापासून येथें अतलस, ताफता वगैरे वस्त्रें विणलीं जात, आणि तीं गोव्यास व हिंदुस्थानांत इतरत्र रवाना होत. पिरार आणखी सांगतो कीं, चिनी धर्तीच्या सुबक पेट्या व संदुका आणि लाखेच्या रंगांनीं मढविलेले पलंगही येथें तयार होत असत.

रेशमी कापड एका माणसाच्या हातून होत नाहीं. लडी उकलणारा, सुतास पीळ देणारा, रंगारी, ताणा लावणारा, प्रत्यक्ष विणणारा आणि या सर्वांस भांडवल पुरविणारा सावकार, इतक्यांची सांखळी जुळावी तेव्हां एक ठाण पुरें होतें. अशी सांखळी एका पिढींत तयार होत नाहीं. परंतु तिच्यांतील दोन-तीन कड्या निखळल्या कीं बाकीच्यांनाही गांवांत राहून उपयोग नसतो.

शिवाय या धंद्याचीं दोन्ही टोंकें गांवाबाहेर होतीं. कच्चें रेशीम मकाव व मलाक्का या मार्गानें येई. तयार मालाचें गिऱ्हाईक गोव्यास आणि इराणी आखाताच्या मुखाशीं असलेल्या होर्मुझसारख्या दूरच्या पेठांत असे. चौलचा कारागीर मध्यें बसून आपलें कसब तेवढें घालीत असे. जोंपर्यंत समुद्रावर पोर्तुगीजांचा दरारा होता आणि वरच्या चौलावर निजामशाहीचें छत्र होतें, तोंपर्यंत या व्यवस्थेंतील दुबळेपणा जाणवला नाहीं. पुढें एकेक खांब ढासळत गेला. १६२२ मध्यें इराणच्या शहानें इंग्रजांच्या साह्यानें होर्मुझ घेतलें. १६३६ मध्यें निजामशाही बुडाली. १६४१ मध्यें डचांनीं मलाक्का जिंकलें, आणि चीनकडून येणारी वाट पोर्तुगीजांच्या हातून निसटली. उत्तरेस सुरतेचें बंदर व्यापार ओढूं लागलें. १६८३ मध्यें संभाजी महाराजांच्या सैन्यानें खालच्या चौलास वेढा घातला. शहर पडलें नाहीं. परंतु वेढ्याच्या छायेंत कोणता सावकार रेशमांत पैसा गुंतवील?

याच सुमारास मुंबईचा उदय होत होता. १६६१ च्या विवाहाच्या तहानें तें बेट इंग्लंडच्या राजास मिळालें आणि १६६८ मध्यें ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यांत गेलें. १६६९ ते १६७७ पर्यंत गव्हर्नर असलेल्या ऑंजियरनें व्यापारी व कारागीर यांस धर्माचरणाची मोकळीक आणि जीवित-वित्ताची हमी देऊन बेटावर वसावयास बोलाविलें. चौलचे विणकरही गेले, व त्यांच्या वस्तीची तेथें सोय करण्यांत आली. पोर्तुगीजांच्या अमलाखालीं अन्यधर्मीयांच्या उपासनेवर कडक बंधनें होतीं, हें आपण ख्रिस्ती वाचकांनीं मोकळ्या मनानें मान्य केलें पाहिजे. ज्या गांवांत माणसास मनाची शांति नाहीं, तेथें नुसत्या मजुरीच्या आशेनें तो किती दिवस राहणार? सारांश, चौलची कला मेली नाहीं. ती उठून चालती झाली. लांकडाचा माग मागें टाकतां येतो. विद्या विणकराबरोबर जाते.

१७३९ मध्यें वसई पडल्यावर पोर्तुगीजांचा उत्तर प्रांत संपुष्टांत आला, आणि १७४० च्या तहान्वयें चौल मराठ्यांच्या स्वाधीन झालें. गोरे अधिकारी, साधु व धनिक निघून गेले. ज्यांस जावयास जागा नव्हती असे गरीब ख्रिस्ती लोक कोरलईच्या डोंगराच्या पायथ्याशीं शेतीभाती करून राहिले. त्यांच्या घरांत आजही पोर्तुगीजमिश्रित बोली बोलली जाते, आणि तिचा अभ्यास करण्यासाठीं परदेशांतून विद्वान् येतात. नवल असें कीं, दोनशें वर्षांच्या पोर्तुगीज राजवटीची बोली व उपासना या लोकांनीं जतन केली. पण ज्या रेशमानें शहर गाजलें त्याचा धागा मात्र या तीरावर उरला नाहीं.

असाच प्रकार दुसऱ्या एका धंद्याचा झाला. या किनाऱ्यावरील बेने इस्रायल समाज पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवीत असे. शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणत. अठराव्या शतकांत यांतील अनेक कुटुंबें मुंबईस जाऊन कंपनीच्या फौजेंत व इतर नोकऱ्यांत शिरलीं; १७९६ मध्यें त्यांचें तेथील पहिलें सिनेगॉग उभें राहिलें. त्यांना कोणी हांकलून लाविलें नव्हतें. अधिक स्थिर उपजीविका दिसली, आणि ते गेले. पुढें १८५४ मध्यें मुंबईंत कापडाच्या पहिल्या गिरणीचा पाया घातला गेला, आणि कोंकणाच्या गांवोगांवचे तरुण गिरण्यांची वाट धरूं लागले. आपल्या किनाऱ्यानें मुंबईस माल पुरविण्याऐवजीं माणसें पुरविलीं, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होणार नाहीं.

आतां अलीकडच्या काळाकडे वळूं. रेवदंड्याच्या समोर, खाडीपलीकडे साळाव येथें १९९३ सालीं विक्रम इस्पात या नांवानें स्पंज लोखंडाचा कारखाना सुरू झाला. वर्षास ९ लाख टन माल काढण्याची त्याची योजना होती. लोहखनिजांतील प्राणवायु नैसर्गिक वायूच्या योगानें काढून घेऊन, खनिज न वितळवितां, त्याचें लोखंड करावयाचें, अशी ही रीत आहे. २००९ मध्यें हा कारखाना वेलस्पनकडे गेला, आणि २०१४ मध्यें जेएसडब्ल्यूकडे. एकवीस वर्षांत तीन धनी झाले. खनिज बाहेरून येणार, वायु नळांतून येणार आणि लोखंड पोलादाच्या भट्टीसाठीं दुसरीकडे जाणार. २०११ पासून देशी वायूचा पुरवठा घटला तेव्हां असल्या सर्वच कारखान्यांस झळ लागली. जाणत्या वाचकास येथें चौलच्या मागांचें स्मरण झाल्याखेरीज राहणार नाहीं.

तथापि दोन्ही टोंकें बाहेर असणें एवढ्यानेंच धंदा बुडतो असें समजण्याचें कारण नाहीं. आपल्याच जिल्ह्यांतील पेण पाहा. तेथील गणेशमूर्ति देशोदेशीं जातात. शाडूची माती तेथेंही बाहेरून आणावी लागते आणि गिऱ्हाईकही बहुतांशीं बाहेरचेंच. परंतु कारखाना कारागिराच्या स्वतःच्या घराशेजारीं आहे. सांचा त्याचा आहे. डोळ्यांची आंखणी करण्याची नाजूक विद्या बाप मुलास आणि गुरु शिष्यास तेथेंच देतो. यामुळें तो धंदा पेणेंतून उठला नाहीं, उलट हमरापूर, जोहे अशा शेजारच्या गांवांत पसरला. माती परकी असली तरी कसब घरचें आहे, हेंच त्याच्या टिकाऊपणाचें बीज.

चौलच्या इतिहासाचा बोध आमच्या मतें हाच होय. एखादा मोठा कारखाना आला म्हणजे किती जणांस काम मिळालें, असें आपण विचारतों. हा प्रश्न रास्तच आहे. पण त्याच्या जोडीस दुसराही प्रश्न विचारला पाहिजे: कारखाना उद्यां बंद पडला, तर गांवाच्या हातांत कोणती विद्या शिल्लक राहील? ज्या तरुणानें तेथें केवळ पहारा केला त्याच्या हातीं कांहींच राहत नाहीं. ज्यानें यंत्र जुळविणें, लोखंड जोडणें, विजेचें काम करणें यांपैकीं एक तरी कसब पुरतें आत्मसात केलें, तो दुसऱ्या दिवशीं गांवांतच आपलें दुकान मांडूं शकतो, आणि दोन मुलें शिकवूंही शकतो.

म्हणून ज्युबिलीच्या या वर्षीं धर्मग्रामांतील वडिलधाऱ्यांस आमची विनंति आहे कीं, मुलामुलींस नोकरीस लावितांना पगाराबरोबर तेथें काय शिकावयास मिळेल याचीही चौकशी करावी. आणि गांवांत जे कसबी लोक आहेत, मग ते होडी बांधणारे असोत, सुतार असोत वा गवंडी, त्यांच्या हाताखालीं एक-दोन उमेदवार ठेवण्याची व्यवस्था व्हावी. रेवदंड्याच्या भिंतींची डागडुजी करण्याचें सामर्थ्य कदाचित् आपणांस नसेल. परंतु या तीरावरील विद्या पुनः एकदां नावेंत बसून परगांवीं जाऊं नये, एवढें तरी आपल्या हातीं आहे.