सिडकोने दिलेले घर आणि आपण वाढविलेले घर



‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपल्याकडे म्हणतात. लग्न एकदाच होते आणि घरही बहुतेकांना एकदाच बांधावे लागते. बेलापूरच्या आपल्या आर्टिस्ट व्हिलेजातील बायकांचे मात्र तसे झाले नाही. त्यांनी घर हप्त्याहप्त्याने बांधले. एका वर्षी ओटा, दुसऱ्या वर्षी मोरी, मुलगा दहावीला गेला तेव्हा वरची खोली, सून यायची ठरली तेव्हा जिना. वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी वसाहतीचा इतिहास लिहून द्यावा असे कार्यकारिणीने मला सांगितले, तेव्हा पहिल्याने हेच डोळ्यांपुढे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास म्हटला म्हणजे राजे, किल्ले आणि तह, एवढेच आम्ही शाळेत घोकले. बेलापूरला किल्लाही आहे, त्याविषयी लिहिणारे जाणकार आहेत. मी लिहिते ती हकीकत घराची आणि घरापुढच्या चौकाची.

नवी मुंबई हे शहर आधी कागदावर जन्मले. मुंबई बेटावर माणसांची दाटी झाली, वस्ती उत्तरेकडेच सरकत चालली, तेव्हा खाडीपलीकडे पूर्वेला नवे शहर वसवावे अशी सूचना १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकातून तिघांनी मांडली. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया, वास्तुरचनाकार प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल. या तिघांत एक बाई होती, ही गोष्ट महिला मंडळाच्या स्मरणिकेत तरी ठळक छापली गेली पाहिजे. पुढे १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली, आणि ठाणे व त्या वेळचा कुलाबा या दोन जिल्ह्यांतील ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जागा या शहरासाठी ठरविण्यात आली. वीस लाख माणसांची सोय होईल असा अंदाज होता. १९७३ साली वाशीचा खाडीपूल झाला. आगगाडी मात्र वाशीला यायला १९९२ साल उजाडले आणि बेलापूरला १९९३. त्याच १९९२ सालच्या १ जानेवारीपासून महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. म्हणजे आपल्या वसाहतीत पहिली बिऱ्हाडे आली तेव्हा इथे ना लोकल होती, ना महापालिका.

आणखी एक गोष्ट घराच्या आधी सांगायला हवी. आपण राहतो ती जमीन ओसाड नव्हती. इथे आगरी लोकांची भातशेती होती, मिठागरे होती, खाडीत कोळ्यांची जाळी पडत होती. जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला, आणि जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड विकसित करून परत देण्याचे धोरण १९९० साली आले. आपल्याकडे सकाळी पाटी घेऊन येणारी म्हावरंवाली मावशी दिवाळ्याची. तिच्याशी भाव करताना आपण चार रुपयांसाठी अडून बसतो. एकदा ती मला हसत म्हणाली, “वयनी, आमची जमीन तुमच्या घराखाली हाय, आता म्हावऱ्यात तरी कमी करू नको.” तिचे बोलणे थट्टेचे होते, पण मी त्या दिवशी भाव केला नाही.

आता आपल्या घरांविषयी. १९८३ ते १९८६ या काळात ही वसाहत सिडकोसाठी चार्ल्स कोरियांनी आखली. ज्यांनी शहराची कल्पना मांडली आणि सुरुवातीच्या वर्षांत सिडकोचे मुख्य वास्तुरचनाकार म्हणून काम पाहिले, तेच हे कोरिया. सुमारे सहा हेक्टर जागेत साडेपाचशेच्या आसपास कुटुंबे. मुंबईत ‘कांचनजंगा’सारखी उंच इमारत बांधणाऱ्या माणसाने आपल्यासाठी मात्र जमिनीलगतची, कौलारू, चुना दिलेली घरे काढली. भूखंड लहानमोठे, पण फार फरक नाही. सर्वांत लहान ४५ चौरस मीटर आणि मोठा ७५, म्हणजे सुमारे ४८५ ते ८०५ चौरस फूट. कारकून आणि साहेब यांच्या अंगणात एवढाच फरक असावा, हा विचार मला फार थोर वाटतो.

यातील मुख्य गोष्ट अशी की प्रत्येक घर सुटे. शेजाऱ्याच्या भिंतीला आपली भिंत जोडलेली नाही. चाळीत किंवा इमारतीत एकाने खिळा ठोकला तर दुसऱ्याच्या घरातला फोटो हलतो. इथे तसे नाही. घर लहान द्यायचे, भोवती जागा सोडायची, आणि ज्याची जशी ऐपत वाढेल तसे त्याने ते वाढवायचे, असा हा हिशेब होता. सरकारी घर म्हणजे हात लावू नये अशी वस्तू, हा समज कोरियांनी मुळातच काढून टाकला. याच सुमारास, १९८५ पासून, जागतिक बँकेच्या मदतीने ऐरोली, कोपरखैरणे वगैरे भागांतही गरीब कुटुंबांना लहान भूखंड आणि अगदी कामापुरते बांधकाम देण्याची योजना झाली. तिलाच लोक अजून ‘बी.यू.डी.पी.ची घरे’ म्हणतात. माझी धाकटी नणंद तशाच एका घरात नांदते. पुढे चिली नावाच्या दूर देशात आलेहांद्रो आरावेना यांनी २००४ च्या सुमारास अर्धी बांधलेली घरे लोकांना दिली, आणि त्यांना २०१६ साली वास्तुकलेतला मोठा प्रित्झकर पुरस्कार मिळाला. हे मला आपली वसाहत पाहायला आलेल्या एका विद्यार्थिनीने सांगितले. ती मोजपट्टी घेऊन आमच्या ओट्याची लांबी घेत होती. मी तिला चहा दिला आणि म्हटले, बाई, आमच्याकडे ही गोष्ट त्याच्या वीस वर्षे आधीच झाली.

पण कागदावर ‘घर वाढविता येईल’ असे लिहिणे सोपे. वाढवावे कोणी आणि कशातून? याचे उत्तर बायकांच्या भिशीत आहे. आमच्या सासूबाई सांगतात की सुरुवातीला सिमेंटची गोणी म्हणजे सोन्यासारखी जपायची वस्तू होती. सिमेंटवरचे नियंत्रण सरकारने १९८२ साली काही अंशी आणि १९८९ साली पुरते उठविले, तोपर्यंत परवाना आणि काळाबाजार या दोहोंच्या मध्ये माणूस भरडून निघे. बारा बायकांची भिशी. ज्या महिन्यात जिचा नंबर, त्या महिन्यात तिच्याकडे गवंडी. कोणी आधी मोरीला लादी बसविली, कोणी कडप्प्याचा ओटा केला. बसून स्वयंपाक करण्याचे दिवस तेथे संपले. ज्या घरी पहिल्याने उभ्याचा ओटा झाला, तो पाहायला अख्खा चौक गेला होता म्हणे. त्या ओट्याची उंची जरा जास्त झाली होती, आणि घरची बाई बुटकी. तिने पाटावर उभे राहून दोन वर्षे भाकरी थापल्या, पण ओटा पाडू दिला नाही.

मी २००३ साली लग्न होऊन आले, तेव्हा आमच्या घरावर कौले होती आणि पावसाळ्यापूर्वी ती चाळून घेणे हे मोठे काम असे. बेलापूरचा पाऊस आपणा सर्वजणींना ठाऊक आहे. डोंगरावरून येतो तो थेट घरात शिरायलाच. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ताडपत्री, डांबर, दोरी यांची खरेदी, आणि गच्चीवर किंवा कौलांवर घरोघरचे पुरुष. बायका खालून सूचना देत. एका घरची शिडी सात घरांना पुरे. पुढे एकेकाने स्लॅब टाकले. स्लॅब पडायच्या दिवशी चौकातल्या प्रत्येक घरून एक पदार्थ यायचा, हा रिवाज कोणी लिहून ठेवला नव्हता. आमच्या स्लॅबला पंधरा मजूर होते. भात आमच्याकडचा, आमटी समोरच्या काकूंची, आणि जिलबी कोणी आणली ते अजून कळलेले नाही.

आता चौकाकडे येते. सात घरे एका लहान चौकाभोवती, तो सुमारे आठ मीटर लांब आणि आठ मीटर रुंद. असे तीन गट मिळून एकवीस घरे, त्यांचा बारा मीटरांचा मोठा चौक. त्याहून मोठ्या समूहाचा वीस मीटरांचा. कोरियांचे म्हणणे असे की आपल्यासारख्या उष्ण देशात आकाशाखालची मोकळी जागा ही खोलीच असते, तिचे फक्त छप्पर गाळलेले. हे वाक्य मी वाचले तेव्हा मला पटले, कारण आम्ही ती खोली म्हणूनच वापरत होतो. पापड तिथे, गादीला ऊन तिथे, मुलांचा अभ्यास तिथे, आणि कोणाच्या घरी वाईट घडले तर बसायला माणसेही तिथेच. संक्रांतीचे हळदीकुंकू घरात मावत नाही म्हणून चौकात होऊ लागले आणि त्यातूनच आपले मंडळ निघाले. नवरात्रात भोंडल्यासाठी मधोमध पाट, त्यावर हत्ती, आणि भोवती फेर. खिरापत ओळखायला बाहेरच्या बायकाही येतात. होळी मोठ्या चौकात. आपल्या शेजारच्या आग्रोळी गावात कित्येक दशकांपासून ‘एक गाव एक गणपती’ आहे. घरोघर मूर्ती न आणता सारे गाव एकाच गणपतीचा उत्सव करते. ते पाहून एका वर्षी आपल्याकडेही सात घरांचा एक गणपती करावा असे निघाले होते. कोणाचे नैवेद्याचे सोवळे, कोणाचा दीड दिवस, कोणाचे पाच. ते जमले नाही. पण आरती एकत्र, एवढे ठरले आणि ते आजही चालू आहे.

यात एक गोष्ट अशी घडली की ज्या सोयीने घरे वाढली त्याच सोयीने चौक आकसला. कोणी पायरी अर्धा फूट पुढे घेतली, कोणी जिना बाहेरून काढला, कोणी पत्र्याची पडवी केली. आज मूळची कौलारू घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी दिसतात. बाकीची पाडून दोन-तीन मजली झाली. त्याला मी नावे ठेवणार नाही. कुटुंबे वाढली, भाड्याच्या खोलीने कित्येक विधवा बायकांची चूल पेटती ठेवली. पाहायला येणारे शिक्षित लोक हळहळतात, “मूळचे सौंदर्य गेले” म्हणून. त्यांना सांगावेसे वाटते की त्या सौंदर्यात पाणी गळत होते. कोरिया १६ जून २०१५ रोजी वारले. त्यांनी घरे वाढण्यासाठीच दिली होती, तेव्हा वाढलेली घरे त्यांना खुपली नसती असे मला तरी वाटते.

चौकाचे तसे नाही. घर ज्याचे त्याचे, म्हणून ते सुधारले. चौक सातांचा, म्हणून तो राखायचा तर सातांनी मिळूनच. आमच्या चौकात आज सात घरे आणि चार मोटारी आहेत. आठ मीटरांच्या जागेत चार मोटारी उभ्या राहिल्या म्हणजे उरते काय, ते गणित सातवीच्या मुलीलाही येते. आता फरशी काढून सिमेंटचे ठोकळे बसवावे आणि मोटारींसाठी पट्टे आखावे अशी सूचना पुढे आली आहे. वाशीतल्या सिडकोच्या मोडकळीला आलेल्या इमारतींच्या पुनर्बांधणीसाठी शासनाने २०१५ साली अडीच चटईक्षेत्र मंजूर केले आणि तिकडे आता उंच इमारती उठत आहेत. तसे काही आपल्याकडेही व्हावे असे म्हणणारेही आहेत. त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की आपली घरे लहान असूनही अडचण झाली नाही ती चौकामुळे. चौक गेला तर ४५ मीटरांचे घर खरोखरच ४५ मीटरांचे होईल.

माझी सूचना साधी आहे. मोटारी रस्त्याकडेच्या बाजूला लावाव्या, लहान चौकात फक्त रुग्णाची आणि सामानाची गाडी यावी, आणि फरशी उखडण्याआधी सातही घरांच्या बायकांच्या सह्या घ्याव्या. नुसत्या घरमालकांच्या नकोत, कारण चौकात दिवसभर असतो आम्ही. येत्या भोंडल्याला चौक रिकामा मिळावा म्हणून मोटारवाल्या चारही घरी मी जाऊन आले. तिघांनी होकार दिला आहे. चौथी मोटार आमच्याच दिरांची. त्यांना सांगण्याचे काम सासूबाईंनी आपल्याकडे घेतले आहे.