सायकलवरून येणारे कुलगुरू : गणितज्ञ प्र. चु. वैद्य

कृष्णविवरांविषयी एखादी नवी बातमी आली, की आइन्स्टाइन, पेनरोझ, हॉकिंग ही नावे पुन्हा आपल्या वाचनात येतात. या विषयावरचे मूळ शोधनिबंध चाळले, तर त्यांत आणखी एक नाव वारंवार भेटते : ‘वैद्य मेट्रिक’. हे वैद्य म्हणजे प्रल्हाद चुनीलाल वैद्य. नावावरून आपल्याकडचे वाटावेत, परंतु जन्माने सौराष्ट्रातले. १९१८ साली जुनागढ परिसरातील शहापूर येथे जन्मलेले आणि २०१० साली वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी निवर्तलेले. जगाच्या लेखी ते सापेक्षतावादाचे गणितज्ञ होते. स्वतःच्या लेखी मात्र ते आधी शिक्षक होते आणि मग बाकी सारे.

त्यांची कथा सुरू होते ती एका दुसऱ्या शिक्षकापाशी. कोल्हापूरचे विष्णू वासुदेव नारळीकर केंब्रिजचे रँग्लर होऊन परतले आणि पंडित मदनमोहन मालवीयांच्या बोलावण्यावरून १९३२ साली बनारस हिंदू विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले. आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धान्तावर त्या काळी भारतात फार थोड्या ठिकाणी काम चाले. बनारस हे त्यांपैकी एक. मुंबईत गणिताचे शिक्षण घेतलेल्या, गांधीविचारांनी भारलेल्या आणि त्या वेळी हाती नोकरी नसलेल्या वैद्यांनी नारळीकरांना पत्र लिहिले : आपल्या मार्गदर्शनाखाली संशोधन करावयाचे आहे. नारळीकरांनी त्यांना बोलावून घेतले. १९४२ साली वैद्य पत्नी आणि तान्ह्या मुलीसह बनारसला पोहोचले. शिष्यवृत्ती नव्हती, नोकरी नव्हती. गाठीशी होती ती थोडीशी बचत, आणि ती पुरेल तितके दिवस राहायचे असा बेत होता. बाहेर ‘चले जाव’ आंदोलन पेटलेले होते, त्याची धग विद्यापीठाच्या आवारापर्यंत आली होती.

तेथे वैद्यांच्या हाती जो प्रश्न आला, तो एखाद्या चाणाक्ष शाळकरी मुलानेही विचारावा इतका साधा होता. कार्ल श्वार्त्सशिल्ड या जर्मन शास्त्रज्ञाने १९१६ साली प्रसिद्ध केलेले सूत्र ताऱ्याच्या भोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचे वर्णन करते. मात्र त्यात एक गृहीतक आहे : ताऱ्याबाहेर सर्वत्र पोकळी आहे आणि ताऱ्याचे वस्तुमान कायम तेवढेच राहते. पण तारा तर प्रकाश देतो! सूर्य आपल्या प्रकाशातून दर सेकंदाला सुमारे चाळीस लाख टन वस्तुमान गमावतो. बाहेरच्या अवकाशात ही ऊर्जा सतत वाहत असते. मग तेजस्वी ताऱ्याभोवतीचे गुरुत्वाकर्षण कसे असेल?

वैद्यांनी याचे नेमके उत्तर काढले. ताऱ्यापासून दूर असलेल्या निरीक्षकाला ताऱ्याचे वस्तुमान घटल्याचे कळते ते तिथून निघालेला प्रकाश त्याच्यापर्यंत पोहोचल्यावरच. म्हणून सूत्रातील वस्तुमान ही स्थिर संख्या न राहता प्रकाशाच्या प्रवासाबरोबर बदलणारी राशी झाली पाहिजे. हा निबंध १९४३ साली ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला. तेव्हा वैद्य पंचविशीत होते. बचत संपत आली होती, आणि त्यांचे बनारसमधील वास्तव्य वर्षभरही टिकले नाही.

सूर्यासारख्या ताऱ्याच्या बाबतीत हा परिणाम इतका सूक्ष्म आहे, की पुढची दोन दशके हे सूत्र म्हणजे गणितातील एक सुंदर नमुना एवढेच राहिले. १९६३ साली क्वासार नावाच्या अतितेजस्वी वस्तूंची ओळख पटली आणि चित्र पालटले. प्रचंड गुरुत्वाकर्षण आणि प्रचंड उत्सर्जन एकत्र असलेल्या वस्तूंचा विचार करण्यासाठी वैद्यांचे सूत्र तयार होतेच. पुढे ताऱ्यांच्या अवपाताच्या अभ्यासात आणि हॉकिंग यांनी सुचविलेल्या कृष्णविवरांच्या बाष्पीभवनाच्या विचारातही ते उपयोगी पडले. १९४३चा तो छोटा निबंध १९९९ साली सापेक्षतावादाच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकाने अभिजात लेख म्हणून पुन्हा छापला.

मधल्या काळात वैद्य काय करीत होते? ते शिकवीत होते. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते थोडा काळ होते. तेथे होमी भाभांच्या सान्निध्यात संशोधनाचे आयुष्य काढणे त्यांना शक्य झाले असते. ते गुजरातला परतले. नव्याने वसत असलेल्या वल्लभ विद्यानगरच्या महाविद्यालयात आणि पुढे अहमदाबादेत, गुजरात विद्यापीठाच्या गणित विभागात, त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी घडविले. संशोधन सुटले नाही. त्यांचे विद्यार्थी एल. के. पटेल यांच्यासह त्यांनी १९७३ साली फिरत्या, उत्सर्जन करणाऱ्या वस्तूसाठीही सूत्र मांडले. परंतु दिवसाची घडी बसविलेली असे ती वर्गाच्या वेळापत्रकाभोवती.

विद्यापीठातील वर्ग त्यांना पुरेसा वाटला नाही. मूल गणिताला भिते ते शाळेत, आणि तेथील शिक्षक बहुधा एकाकी असतो, हे त्यांनी ओळखले होते. १९६०च्या दशकात त्यांच्या पुढाकाराने गुजरात गणित मंडळ उभे राहिले आणि ‘सुगणितम्’ हे गुजराती नियतकालिक निघाले. मंडळाची अधिवेशने गावोगावी भरत. शाळेतील शिक्षक, प्राध्यापक आणि विद्यार्थी तेथे एकत्र बसत. आइन्स्टाइनच्या समीकरणांवर काम करणारा माणूस दशमान पद्धती का आली, हेही तितक्याच आस्थेने सांगे, आणि मुलांच्याच भाषेत सांगे. पुढे त्यांनी आठवणी लिहिल्या, त्या पुस्तकाला नाव दिले ‘चॉक अने डस्टर’.

मोठी पदे त्यांच्याकडे चालत आली. राज्याच्या लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद आले आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस गुजरात विद्यापीठाचे कुलगुरुपदही. अंगात खादी आणि हाताशी सायकल, या दोन गोष्टी मात्र बदलल्या नाहीत. कुलगुरूही सायकलवरूनच कचेरीत येत, ही आठवण त्यांच्या परिचयातील अनेकांनी सांगितली आहे.

एका प्रसंगाचा उल्लेख केल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. फेब्रुवारी १९६९ मध्ये अहमदाबादेत सापेक्षतावादाच्या अभ्यासकांचा मेळावा भरला. निमित्त होते वि. वा. नारळीकरांच्या षष्ट्यब्दीचे. याच मेळाव्यात या विषयाच्या भारतीय संघटनेचा पाया घातला गेला, आणि तिचे पहिले अध्यक्ष झाले नारळीकर. सत्तावीस वर्षांपूर्वी एका बेकार तरुणाच्या पत्राला उत्तर देणारे गुरुजी आता त्या तरुणाच्या गावी सन्मानाने आले होते.

आज देशातील विज्ञानाची चर्चा होते ती शोधनिबंधांची संख्या, क्रमवारी आणि पुरस्कार यांच्या भाषेत. या मोजपट्टीवर वैद्यांचा १९४३चा छोटा निबंध नोंदला जाईल, पण नारळीकरांनी त्यांच्या पत्राला दिलेले उत्तर कोणत्या रकान्यात लिहायचे? विसाव्या शतकातील भारतीय गणिताची एक महत्त्वाची उपलब्धी त्या उत्तरामुळे शक्य झाली. वैद्यांनी हे ऋण ओळखले आणि पुढची सहा दशके ते अनोळखी मुलांच्या वर्गात फेडीत राहिले.

यापुढे कृष्णविवराच्या एखाद्या बातमीत ‘वैद्य’ हे नाव दिसले, तर बनारसच्या त्या पत्राची आठवण ठेवावी. आणि आपल्याला कधीकाळी गणिताची गोडी लावणारे कुणी सर किंवा बाई हयात असतील, तर त्यांना जाऊन भेटावे.