शिक्षकाशेजारचा विद्यार्थी

सप्टेंबरच्या ५ तारखेला वसई, नालासोपारा, विरार यांपैकी कोणत्याही गावी सकाळी शाळेच्या फाटकाशी उभे राहिले, तर एक मौज पाहायला मिळते. दहावीतल्या मुली आईची साडी नेसून आणि मुलगे कडक इस्त्रीचा सदरा घालून पाचवी-सहावीचे वर्ग घ्यायला निघालेले असतात. डॉ. राधाकृष्णन यांचा जन्मदिवस १९६२ पासून शिक्षकदिन म्हणून पाळला जाऊ लागला आणि त्या दिवशी मुलांनी शिकवायचे ही प्रथा अनेक शाळांतून रुळली. एका दिवसापुरता मुख्याध्यापक झालेला मुलगा शिपाईमामांना घंटेचा हुकूम सोडतो, सारे हसतात, आणि दुसऱ्या दिवशी सर्व पूर्ववत चालू होते. या गमतीवर आमचा काहीच राग नाही. परंतु हा एक दिवसाचा खेळ ज्या जुन्या रिवाजाची आठवण करून देतो, तो रिवाज आपल्या ओसरीवरून निघून विलायतेला गेला, तेथे त्याचे रूप पालटले, आणि पालटलेल्या रूपात तो पुन्हा मुंबई बंदरावर उतरला. ही हकीकत आपण सर्वांनी ऐकण्यासारखी आहे.

पंतोजींची शाळा आपल्यापैकी कोणी पाहिलेली नाही, पण तिचे वर्णन आजोबा-पणजोबांच्या तोंडून घरोघर उतरले आहे. ओसरीवर किंवा देवळाच्या सभामंडपात पंधरा-वीस मुले, पुढे धूळपाटी, हातात काडी. धुळाक्षरांवर गिरवणारा, मोडी वळवणारा आणि हिशेब मांडणारा अशी सर्व वयांची मुले एकाच जागी. पंतोजी एकटे. मग थोराने धाकट्याचा हात धरून 'ग' वळवायचा आणि संध्याकाळी एकाने पुढे म्हणून इतरांनी मागून पावकी, निमकी, दिडकीचा परवचा म्हणायचा, ही त्या शाळेची सहज रीत होती. पंतोजींची छडी आम्ही विसरलेलो नाही. जुन्याचे सगळेच सोने मानणाऱ्यांपैकी आम्ही नाही. शिवाय त्या ओसरीवर मुलींना जवळजवळ जागा नव्हती आणि अस्पृश्य मानलेल्यांच्या मुलांना तर मुळीच नव्हती. तरी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. थोरला मुलगा शिकवीत असे तो पंतोजींच्या डोळ्यांदेखत आणि त्यांच्या कानावर पडेल असा. त्याचे चुकले तर दुरुस्ती तेथल्या तेथे होई.

पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा एक इटालियन प्रवासी १६२३ साली कर्नाटकात इक्केरीस गेला होता. तेव्हा आपली वसई पोर्तुगिजांच्या अमलाखाली होती. चिमाजी आप्पांना अजून शंभरांवर वर्षांचा अवकाश होता. इक्केरीस एका देवळाच्या पडवीत चार मुले वाळू पसरून, बोटाने आकडे काढीत, सुरावर पाठ म्हणत होती. गुरू जवळ नव्हता. पाहुण्याने विचारले, तुमचे अडले तर सांगतो कोण? मुले म्हणाली, चौघेही एकाच जागी चुकू असे होत नाही. एक चुकला तर दुसरा सुधारतो. प्रवाशाला हे उत्तर पटले आणि त्याने ते टिपून ठेवले. एक मात्र सांगितले पाहिजे. ती मुले झालेल्या धड्याची उजळणी करीत होती. नवा धडा द्यायला गुरू लागतच होता.

पुढे १७८९ साली अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री मद्रासेस सोजिरांच्या अनाथ मुलांच्या शाळेवर आला. जवळच्या एका देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना त्याने पाहिली आणि तोच प्रकार आपल्या शाळेत करायचे ठरवले. त्याच्या हाताखालच्या मास्तरांना ते कमीपणाचे वाटले असावे. त्यांनी टाळाटाळ केली. तेव्हा बेलने जॉन फ्रिस्केन नावाच्या आठ वर्षांच्या मुलालाच वर्गावर बसवले, आणि काम साधले! विलायतेस परतल्यावर १७९७ साली बेलने या प्रयोगावर पुस्तक छापले. त्याच सुमारास लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर हा तरुण गरिबांच्या मुलांची शाळा अशाच रीतीने चालवू लागला होता. आपल्या वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तो १८०२ च्या ३१ डिसेंबरला. त्यानंतरच्या वर्षी, म्हणजे १८०३ साली, लँकेस्टरचे पुस्तक निघाले. एक मास्तर हजार मुलांना शिकवू शकेल, असा त्याचा दावा होता. ही रीत मूळ बेलची की लँकेस्टरची, यावरून इंग्लंडात दोन तट पडले आणि दोन निरनिराळ्या संस्था उभ्या राहिल्या. वाळूत अक्षरे काढणाऱ्या मद्रासेच्या पोरांना अर्थातच कोणी विचारले नाही.

येथे या रीतीचा आत्मा बदलला, असे आमचे मत आहे. ओसरीवर थोरला मुलगा पंतोजींच्या शेजारी होता. लंडनच्या त्या प्रचंड दालनात तो मास्तराच्या ऐवजी आला. हजार मुलांमागे एक मास्तर म्हटल्यावर मास्तर कोणाकोणाचे ऐकणार? त्याच्याकडे उरली ती देखरेख, शिट्ट्या आणि बक्षिसे. मुलाने मुलाला तेवढेच द्यायचे जेवढे त्याला सकाळी घोकवले गेले. खर्च मात्र फार वाचला, आणि सरकारदरबारी हा गुण नेहमीच मोठा ठरतो.

पेशवाई १८१८ साली बुडाल्यावर एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याच्या आश्रयाने १८२२ साली देशी मुलांच्या शिक्षणासाठी जी मंडळी उभी राहिली, तिने ही बेल-लँकेस्टर रीतच स्वीकारली. पुस्तके नाहीत, शिक्षक नाहीत, पैसा नाही, अशा अडचणीत स्वस्त रीत उचलली याबद्दल त्यांना दोष देणे सोपे आहे. आम्ही तो देत नाही. याच मंडळींनी मराठी-गुजराती पुस्तके करवून घेतली आणि शिक्षक तयार करून जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवले. केवळ वरच्या वर्गातील पोरांवर शाळा चालत नाही, हे मुंबईस कळून आले होते. १८४५ साली शिक्षक घडवण्याचा वर्ग निघाला, तेव्हा तो बाळशास्त्री जांभेकरांकडे देण्यात आला. दुर्दैव असे की पुढच्याच वर्षी बाळशास्त्री गेले.

त्यानंतर तीनच वर्षांनी जे घडले ते या सबंध इतिहासात आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थी आणि तरुण शिक्षक यांनी १८४८ साली आपली एक सभा स्थापली होती. निबंध वाचता वाचता स्त्रीशिक्षणाचा विषय निघाला, आणि नुसते वाचून काय होणार, असे त्या मुलांना वाटले. १८४९ साली त्यांनी मराठी आणि पारशी मुलींसाठी शाळा उघडल्या. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आदल्याच वर्षी आरंभ केला होता. मुंबईच्या या शाळांतून शिकवणारे कोण? याच सभेचे सभासद. आपले नेहमीचे काम सांभाळून, मोकळ्या वेळात, विनावेतन. दादाभाई नौरोजी त्यांतले एक. तेव्हा ते चोवीस वर्षांचे, नुकतेच शिक्षक झालेले. नाना शंकरशेटांनी जागा दिली, कामा घराण्याने पैसा दिला, आणि पगारी शिक्षक आले. येथे विद्यार्थी कोणाचा पगार वाचवण्यासाठी उभा नव्हता. जिथे शाळाच नव्हती तिथे ती सुरू करण्यासाठी तो उभा होता, आणि शेजारी त्याच्याहून थोडा पुढे गेलेला शिक्षक होता.

सरकारनेही १८५४ च्या खलित्यात इंग्लंडच्या धर्तीवर विद्यार्थी-शिक्षक नेमण्याची शिफारस केली: होतकरू मुलाने विद्यावेतन घेऊन जाणत्या शिक्षकाच्या हाताखाली उमेदवारी करायची. शब्द चांगले होते. पण १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन ठेवले, त्यात प्राथमिक शिक्षक शिकून तयार झालेला असावा आणि त्याला दरमहा निदान बारा रुपये मिळावेत, अशी मागणी करावी लागली. अठ्ठावीस वर्षांनीही ती करावी लागते, यावरून खलित्याचे काय झाले ते उमगावे.

आपल्याच पालघर जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस काम मांडले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी घरातली थोरली मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरते, म्हणून तिची शाळा बुडते, हे त्यांनी पाहिले. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एकाच आवारात आणली. भावंड सांभाळणे हा अडथळा होता, तो शाळेचाच भाग झाला. विकासवाडी ती हीच.

आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला शिकवण्याचा उल्लेख पुन्हा आला आहे. प्रशिक्षित शिक्षकांच्या देखरेखीखाली, अशी अटही त्यात आहे. सारी मेख त्या अटीत आहे. आमच्या मते नववीच्या विद्यार्थ्याने आठवड्यातून एक तास चौथीला अपूर्णांक शिकवावा. आदल्या दिवशी शिक्षकाबरोबर पाठ मांडावा. शिक्षकाने मागच्या बाकावर बसून तो ऐकावा आणि नंतर दहा मिनिटे त्याच्याशी बोलावे. कुठे मूल गोंधळले, छेद मोठा म्हणजे अपूर्णांक मोठा असे त्याला का वाटले, हे त्या दहा मिनिटांत निघते. या तासाला साहित्याचा खर्च नाही. लागतो तो एक मोकळा, अनुभवी शिक्षक. आणि जिल्ह्याच्या दोन-शिक्षकी शाळांत तर हा शिक्षक एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळीत उभा असतो.