शनिवारी बंद राहणारा घाणा

उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी ओसरलं की पळसनाथाच्या जुन्या देवळाचं शिखर वर येतं. गाव केव्हाच हललं, पण नव्या जागीही ते पळसदेवच आहे. गाव गेलं तरी नाव माणसांमागं येतं, हे भीमाकाठी कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाचा इतिहास लावताना मला हीच गोष्ट उपयोगी पडते.

समाजाची परंपरा सांगते, की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या समुद्रात गेल्या. याला त्या काळचा कागद नाही. म्हणून ही कथा आदरानं ऐकावी, सनावळीत बसवू नये.

कागद सापडतात ते 18व्या शतकातले. 1738 साली सार्टोरियस हा मिशनरी मद्रासहून कळवतो, की सुरत-राजापूरकडं स्वतःला बेने इस्राएल म्हणवणारे लोक आहेत, त्यांच्याजवळ ग्रंथ नाही, हिब्रूतली फक्त ‘शेमा’ ही प्रार्थना त्यांना येते. 1768 साली कोचीनचे ज्यू व्यापारी यहेज्केल रहाबी एका पत्रात लिहितात, की हे लोक तेल गाळतात, काही शिपाईगिरी करतात, शेमा म्हणतात आणि शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, पाळतात. एक ख्रिस्ती, एक ज्यू, दोघंही बाहेरचे, मध्ये 30 वर्षांचं अंतर, तरी शेमावर दोघांचं एकमत. एवढं धरून चालायला हरकत नाही.

पण मला या दोन्ही पत्रांपेक्षा मोलाची वाटते ती शेजाऱ्यांनी दिलेली ओळख : ‘शनिवार तेली’. गावाला तोरा हा ज्यूंचा धर्मग्रंथ ठाऊक नव्हता, शब्बाथ ठाऊक नव्हता. या तेल्याचा घाणा शनिवारी फिरत नाही, बैल दावणीला उभा असतो, एवढं दिसत होतं. ज्याला काही सिद्ध करायचं नव्हतं, त्याची ही साक्ष आहे.

आडनावांचंही तसंच. किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. पूर्वज कुठून आले ते आडनाव सांगत नाही. कुठं रुजले ते सांगतं. मुंबईत मांडवीला 1796 साली पहिलं सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकेल हे दिवेकरच.

नाब्लुसजवळच्या गरिझीम डोंगराचे शोमरोनी, म्हणजे समॅरिटन लोक, इथं हटकून आठवतात. आज ते जेमतेम आठ-नऊशे. त्यांनी मोशेचे पाच ग्रंथ स्वतःच्या प्राचीन लिपीत जपले, पण मोशेनंतरचा कुठलाही संदेष्टा मानला नाही. आमच्या कोकणात उलटं. ग्रंथ हाती नव्हता, पण एलियाहू हन्नबी, म्हणजे एलिया संदेष्टा, घरोघरी. नवस फेडायचा असला किंवा शुभकार्य असलं की मलिदा : भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, भोवती फळं, आणि एलियाहूचं स्मरण.

अलिबागला जन्मलेल्या हाईम सॅम्युएल किहीमकरांनी समाजाचा इतिहास 1897 साली लिहून पुरा केला. तो छापला गेला 1937 साली, तेल अवीवमध्ये. पुढं समाजातली हजारो माणसं इस्रायलला गेली, आणि 1962 साली तिथल्या धर्मपीठानं विवाहासाठी त्यांच्या आई-आजीपर्यंतच्या कुळाची चौकशी मागितली. ज्यांच्या पोथ्या समुद्रात गेल्या असं घरोघरी सांगितलं जात होतं, त्यांच्याकडं पुरावा मागितला गेला. माणसं रस्त्यावर उतरली. 1964 साली इस्रायल सरकारनं ते सर्वार्थानं ज्यू असल्याचं जाहीर केलं. तिथं निघणाऱ्या त्यांच्या मराठी नियतकालिकाचं नाव ‘मायबोली’.