सूज, सुई आणि दहा हजार माणसं

जबलपूरहून पुन्हा तुमच्या भेटीला आलो आहे. नेहमी आपण लढायांचा इतिहास पाहतो. आज एका औषधाचा पाहू.

१९९३ सालची गोष्ट. मी तेव्हा मेजर होतो. माझा एक जवान इथेच, छावणीजवळ, मोटरसायकलवरून पडला. डोक्याला हेल्मेट नव्हतं. तो बेशुद्ध होता. मी डॉक्टरांना एकच विचारत होतो, "सूज उतरायचं इंजेक्शन दिलं ना?" त्यांनी दिलं होतं. मला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी पोरगा गेला.

ते इंजेक्शन स्टेरॉइडचं. १९४८ मध्ये अमेरिकेत फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिलं आणि आखडलेले सांधे मोकळे झाले. १९५० मध्ये त्यांना आणखी दोघांसह नोबेल मिळालं. १९६१ च्या सुमारास मेंदूच्या गाठीभोवतीची सूज स्टेरॉइडने उतरते, असं दिसलं. मग डॉक्टरांनी हिशेब मांडला: गाठीची सूज उतरते, तर माराची का नाही उतरणार? पण दोन्ही सुजा सारख्या नसतात. गाठीभोवती रक्तवाहिन्या पाझरतात. मार लागल्यावर पुष्कळदा पेशीच फुगतात. तरीही जगभर तीसेक वर्षं ही सुई टोचली गेली, तीही शुद्ध हेतूने.

१९९७ मध्ये जुन्या चाचण्या एकत्र तपासल्या, तर फायदा की तोटा हेच ठरेना. तेव्हा लंडनचे इयन रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी 'क्रॅश' नावाची चाचणी उभी केली. ४९ देशांतली २३९ रुग्णालयं तिच्यात होती. चिठ्ठी टाकावी तसे दोन गट पाडले. एकाला ४८ तास मेथिलप्रेडनिसोलोन, दुसऱ्याला औषधासारखंच दिसणारं, पण औषध नसलेलं द्रावण. २०,००० रुग्ण घ्यायचे होते. १०,००८ झाले आणि मे २००४ मध्ये चाचणी थांबवावी लागली. दोन आठवड्यांत औषधाच्या गटात २१.१ टक्के मृत्यू, दुसऱ्या गटात १७.९ टक्के. म्हणजे शंभरामागे तीन जीव जास्त. आज अशा दुखापतीत हे औषध भरपूर मात्रेत देऊ नये, असाच नियम आहे.

पुढे मेंदूच्या पेशी वाचवील म्हणून प्रोजेस्टेरॉनकडे आशेने पाहिलं गेलं. २०१४ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांत तेही उपयोगी ठरलं नाही.

फौजेत आम्हाला एक खोड असते: काहीतरी कारवाई झालेली दिसली पाहिजे. त्या रात्री माझीही तीच खोड होती. सुई दिसते, श्वास मोकळा ठेवणं, प्राणवायू आणि रक्तदाब सांभाळणं, वेळेत सीटी स्कॅन आणि गरज पडली तर शस्त्रक्रिया, हे डोळ्यांत भरत नाही. पण भरवसा त्यावरच ठेवावा लागतो.

माझ्या जवानाला माराने नेलं की सुईने? सांगता येणार नाही. एका माणसावरून ते कळत नाही, म्हणून तर दहा हजार लागले. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. तेव्हाचं ज्ञान तेवढंच होतं.

आजही सदरच्या रस्त्यावर पोरं हेल्मेट आरशाला अडकवून जातात. मी थांबवतो. काही हसतात, काही घालतात. घालतात, तेवढं पुरे. जय हिंद.