दुष्काळात विणलेली फुले

आपल्या घरातील जुनी पेटी उघडली की डांबराच्या गोळ्यांच्या वासाबरोबर क्रोशाच्या विणकामाचा एखादा तुकडा हाती लागतोच. कधी ती वेदीवस्त्राची किनार असते, कधी बाप्तिस्म्याच्या झग्याची लेस. हा नमुना कुठल्या पुस्तकातला, असे आजीला विचारले तर ती म्हणे, “पुस्तक कसले? बघून विणले.” आज एखाद्या मुलीला जाळीदार कार्डिगन विणावयाचे झाले तर तिचा पहिला प्रश्न असतो, नमुना कोठे मिळेल? हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आयर्लंडमधील हजारो घरांत भाकरीचा प्रश्न झाला होता. त्याची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत.

आयर्लंडच्या दक्षिणेस कॉर्क हे शहर आहे. नॅनो नेगल या थोर स्त्रीच्या प्रयत्नाने १७७१ साली तेथे उर्सुलाईन धर्मभगिनी आल्या. पुढे ब्लॅकरॉक येथील त्यांच्या मठात गरीब मुलींना क्रोशाचे काम शिकविले जाऊ लागले. १८४५ साली या मुलींच्या हातकामातून सुमारे ९० पौंड मिळाले, अशी नोंद आहे. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत बटाट्याच्या पिकावर रोग पडला. गरिबांचे सारे अन्न म्हणजे बटाटा. पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने व रोगराईने मेली आणि तितकीच, किंबहुना त्याहून अधिक, देश सोडून गेली. अशा वेळी एक सुई आणि सुताचे रीळ एवढ्याच भांडवलावर करता येणारे काम मठाच्या शाळेत आधीच रुजलेले होते, हे केवढे भाग्य!

उत्तरेकडील क्लोन्स गावात हेच काम दुसऱ्या वाटेने पोहोचले. तेथील अँग्लिकन धर्मगुरूंची पत्नी कॅसँड्रा हँड हिने १८४७ च्या सुमारास उपाशी कुटुंबांसाठी क्रोशाची लेस सुरू केली. एकीकडे कॅथॉलिक मठ, दुसरीकडे प्रॉटेस्टंट धर्मगुरूंचे घर. भुकेपुढे दोघांच्याही हाती तीच सुई आली.

मग नमुने कोठून आले? सतराव्या शतकातील व्हेनिसची सुईने भरलेली उंच नक्षीची लेस श्रीमंतांना फार प्रिय होती. ती करण्यास अतोनात वेळ लागे. आयरिश बायकांनी तीच फुले व पाने क्रोशाच्या सुईने उतरविली. जाड दोऱ्यावर टाके घालून पाकळीला उठाव दिला आणि कितीतरी कमी वेळात तसाच थाट साधला. त्यात गुलाब आला आणि आयर्लंडचे तीन पानांचे शॅमरॉकही आले. याच काळात एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर या बाईंनी १८४६ पासून क्रोशाची पुस्तके छापण्यास प्रारंभ केला. त्यांच्या नमुन्यांमुळे ही विद्या कागदावर आली.

परंतु क्लोन्सच्या घरांत कागद नव्हता. एकेका कुटुंबाचे एकेक फूल ठरलेले असे आणि त्याची रीत आईकडून लेकीकडे जाई. परके माणूस दारात आले की हातातले काम लपविले जाई, असे सांगतात. त्या बायकांना आम्ही स्वार्थी म्हणू शकत नाही. आपले फूल शेजारणीने उचलले तर उद्याची चूल कशी पेटावी? मात्र घरातील मुले बोटीत बसून परदेशी गेली, म्हातारी मिटली, की ते फूलही तिच्याबरोबर गेले. छापलेला नमुना उरला, लपविलेला हरवला.

वेगवेगळ्या घरांतील ही फुले एकत्र कशी आली, यातच जाळीदार कार्डिगनचे उत्तर आहे. (क्रिमियन युद्धातील सातवे अर्ल ऑफ कार्डिगन यांच्यावरून या समोर उघडणाऱ्या जाकिटाला हे नाव पडले.) आयरिश रीतीत टाके मोजून अंगाचे माप साधत नाहीत. आधी पाठ, दोन पुढे आणि दोन बाह्या असा अंगाबरोबर बसणारा बेत कापडावर किंवा जाड कागदावर कापतात. त्यावर फुले व पाने उलटी ठेवून कच्च्या टाक्यांनी पक्की करतात. मोठी फुले प्रथम, लहान पाने मागून. मग मधल्या रिकाम्या जागा साखळ्यांच्या बारीक जाळीने, क्लोन्सच्या प्रसिद्ध गाठी घालीत, भरून काढतात. शेवटी कच्चे टाके उसवले की कापड सुटते आणि वस्त्र उरते. फुले दहा हातांची असली तरी चालते. ती जोडणारी एक असावी आणि खालचा बेत नेमका असावा.

विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिस व न्यूयॉर्कच्या धनिक स्त्रिया असे कोट व पोलकी मिरवीत होत्या. त्यापूर्वीच, १८८० च्या दशकात, लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाशी संबंधित अॅलन कोल यांनी आयरिश लेसला चांगल्या नव्या चित्रांची गरज आहे, असा आग्रह धरला होता. जुनेच नमुने नकलेमागून नक्कल होऊन बिघडत चालले होते. पुढे यंत्राची स्वस्त लेस आली, पहिल्या महायुद्धानंतर वेशभूषा बदलली आणि हा धंदा ओसरला. पुस्तके लिहिणाऱ्यांची नावे इतिहासात राहिली. फुले विणणाऱ्या बहुतेक बायकांची राहिली नाहीत.

म्हणून वाचकहो, आमची एक विनंती आहे. आजीच्या पेटीतील तो तुकडा बाहेर काढा. भिंगाखाली धरून एका फुलाच्या साखळ्या किती, खांब किती, हे मोजा आणि वहीत लिहा. पहिल्या पानावर तिचे नाव घाला. जाळीदार कार्डिगनला लागणारे पहिले फूल तेथेच सापडेल, आणि ते कोणाचे होते हेही कळेल.